पैठणीखालची बाटली

"ताई, मी २५ वर्षांची आहे. भांडुपला आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते, नोकरी लोअर परळला. गेल्या दिवाळीनंतर अंगात त्राणच उरलं नाही. करी रोडचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबावं लागायचं. केस मुठीमुठीने जात होते, पाळी दहा-दहा दिवस चालायची, वजन सहा किलोंनी वाढलं. रक्तातला थायरॉइड तपासला तर टीएसएच ३८ आणि अँटी-टीपीओ खूप वर. डॉक्टर म्हणाले, हाशिमोटो आहे, म्हणजे थायरॉइड मंदावण्याचा आजार, गोळी कायम घ्यावी लागेल. थायरॉइड हार्मोनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी टीएसएच ३.१ आला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मी गोळी सोडली. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. वाटलं, झाले मी बरी. अडीच महिन्यांनी पुन्हा तेच सगळं, टीएसएच २९. आता परत सुरू केली आहे, पण आठवड्यात दोन-तीनदा चुकतेच. मी बेफिकीर आहे असं आई म्हणते, आणि खरंच असेन. घरात माझ्यासाठी स्थळं बघतायत, म्हणून आईने बाटली बेडरूमच्या कपाटात तिच्या पैठणीखाली ठेवली आहे, आल्यागेल्याच्या नजरेला पडू नये म्हणून. सकाळी त्या खोलीत बाबा झोपलेले असतात. ज्या दिवशी घेते त्या दिवशी आई चहा आणि लोहाची गोळी सोबतच हातात देते. कोबी-फ्लॉवर घरात बंद आहे. एका व्हिडिओवरून मी पोळीही सोडली, ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, बंद केलं की थायरॉइड मुळापासून जातो म्हणे. ऑफिसात मला आळशी समजतात. मला आयुष्यभर गोळी नको आहे. मला मुलं होतील ना? मुलाकडच्यांना सांगायचं का? माझं नाव छापू नका, आई तुमचं सदर वाचते."

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी नजर त्या कपाटापाशीच अडली. टीएसएच, कोबी, पोळी, मुलंबाळं, सगळ्याबद्दल लिहिते. पण आधी हे कपाट. पहाटे सहाला, डोळे धड उघडलेले नसताना, बाबांची झोप मोडू नये म्हणून अंधारात चाचपडायचं, दार कुरकुरू द्यायचं नाही आणि साड्यांच्या घड्यांखाली हात घालून औषध काढायचं. रोज. मग पावणेआठची स्लो पकडायची. असं ठेवलेलं औषध कोणाचंही चुकेल. तू बेफिकीर असतीस तर टीएसएचचे तिन्ही आकडे तुझ्या ध्यानात राहिले नसते आणि मला एवढं सविस्तर पत्रही आलं नसतं.

हे मी ठामपणे लिहिते कारण हाच आजार मलाही आहे. १९९९ साली, मी २६ वर्षांची असताना तो कळला. त्याआधी दीड वर्ष तो अंगात होताच. मी तेव्हा फोर्टला नोकरी करायचे आणि डोंबिवलीला राहायचे. संध्याकाळी कर्जत गाडीत बसायला मिळालं की डोंबिवली कधी गेलं कळायचं नाही, डोळे उघडायचे ते बदलापूरला. घरी सगळे झोपाळू म्हणायचे. सकाळी केस विंचरले की गुंतवळाचा गोळा हातात यायचा. आवाज घोगरा झाला होता, पण सर्दी नव्हती. वैशाखातसुद्धा रात्री मी पायात मोजे घालायचे. जवळच्या एका दवाखान्यात वर्षभर टॉनिक आणि ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, 'लग्न झालं की सगळं ठीक होईल' हेही ऐकून झालं. मग एका डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहायला सांगितलं, पावलं मागे मोकळी. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर त्यांनी रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल झटक्याने हललं, पण जागेवर परत यायला मात्र रेंगाळलं. त्यांनी आईला जवळ बोलावून पुन्हा मारून दाखवली. 'बघा, हे काही ती मुद्दाम करत नाहीये,' एवढंच म्हणाल्या. मला तिथेच रडू फुटलं. माझा आळस खरा नाही, हे त्या दिवशी माझ्या आईला दिसलं, आणि खरं सांगते, मलाही तेव्हाच पटलं. थायरॉइड मंदावला की स्नायू आकसल्यावर परत सैल व्हायलाही वेळ लागतो, ही डॉक्टरांची जुनी ओळखीची खूण आहे. तुझ्या ऑफिसातल्यांना ती दाखवता येणार नाही. तू मात्र लक्षात ठेव. करी रोडच्या जिन्यावर तू थांबत होतीस ती आळसाने नव्हे.

आता तो टीएसएच म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण तुझी गोळी सुटली ती इथल्या गैरसमजातून. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, पीयूषिका. गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावायचं काम तिचं. टीएसएच हा तिचा आवाज समज. सकाळी आई स्वयंपाकघरातून हाक मारते, 'उठलीस का?' उत्तर आलं की ती गप्प होते. उत्तर आलं नाही की आवाज चढत जातो. तुझा टीएसएच ३८ होता म्हणजे पीयूषिका घसा फोडून ओरडत होती आणि थायरॉइडकडून ओ येत नव्हती. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास हा आकडा असावा लागतो. गोळी सुरू झाली, रक्तात हवा तेवढा हार्मोन आला आणि हाका थांबल्या. तो ३.१ आकडा गोळीने आणलेला होता. त्यातून थायरॉइड सुधारला असा अर्थ तू काढलास. तो चुकीचा होता, पण शंभरातल्या नव्वद जणी तोच काढतात, कारण आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की औषध संपतं अशीच लहानपणापासूनची सवय आहे.

आणि ते तीन आठवडे. 'काहीच झालं नाही' असं लिहिलंयस, तेही खोटं नाही. या हार्मोनचा रक्तातला साठा निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात. गोळी थांबवली तरी आधीचा साठा पुरत राहतो, शरीर त्यावर गाडा ओढतं. सोडल्यासोडल्या त्रास झाला असता तर तू चौथ्या दिवशीच परत सुरू केली असतीस. हा आजार तेवढ्या लवकर जाब विचारत नाही, म्हणून माणसं फसतात. याच कारणाने डोस बदलला की तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची असते. पंधरा दिवसांत केलेल्या टीएसएचवरून काही ठरवू नकोस. आणि याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी राहिली म्हणून छातीत धस्स व्हायला नको. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घे. आठवड्यात तीनदा राहिली तर मात्र तो डोसच वेगळा झाला, आणि मग डॉक्टर पुढच्या वेळी ७५ची १०० करून ठेवतात, जी तुला कदाचित लागतच नव्हती. म्हणून चुकलेल्या गोळ्या त्यांना मोजून सांग. लाजू नकोस.

हाशिमोटो हे नाव ऐकून तू घाबरलीस असं दिसतं. ते एका जपानी शल्यचिकित्सकाचं नाव आहे, हाकारू हाशिमोटो. १९१२ साली त्यांनी चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या थायरॉइडची सूक्ष्मदर्शकाखालची वर्णनं छापली. चौघींच्याही ग्रंथीत लढाऊ पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. त्या तिथे का जमल्या हे कळायला १९५६ साल उजाडावं लागलं. तेव्हा अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. तुझ्या रिपोर्टमधला अँटी-टीपीओ त्यांतलाच. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच एका ग्रंथीला परकी समजते आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी झिजवते. तुझ्या खाण्यामुळे, जागरणामुळे किंवा कोणाच्या नजरेमुळे हे झालेलं नाही. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त दिसतं आणि घराण्यात थोडंफार चालत येतं. तुझ्या आत्या-मावश्यांना विचारून बघ. मी विचारल्यावर माझ्या दोन मावश्या निघाल्या, दोघींच्याही बाटल्या त्यांच्या त्यांच्या कपाटांत होत्या.

अँटी-टीपीओ दर सहा महिन्यांनी करत बसू नकोस. कारण काय ते त्याने एकदा सांगितलं, त्याचं काम संपलं. तो आकडा सहाशेचा चारशे झाला म्हणून गोळी कमी होत नाही आणि हजार झाला म्हणून वाढत नाही. ते पैसे वाचव.

'आयुष्यभर गोळी नको' हे वाक्य तू पत्राच्या शेवटाकडे एका ओळीत लिहिलंस. मला वाटतं, सगळं पत्र त्या ओळीसाठीच लिहिलेलं आहे. पंचविसाव्या वर्षी 'कायम' हा शब्द कानावर पडणं सोपं नसतं. मीही पहिल्या रात्री हिशोब केला होता, वर्षाच्या ३६५ म्हणजे साठाव्या वर्षापर्यंत किती होतील. असा हिशोब करू नये असं मी म्हणणार नाही, तो होतोच. पण या गोळीत आहे काय ते बघ. तुझी ग्रंथी जो हार्मोन बनवायची तोच, मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या हिशोबात मोजून दिलेला. शरीराला जे कमी पडतं आहे ते बाहेरून भरून देणं, एवढंच ती करते. सवय लागायची भीती नाही. मात्रा बरोबर असेल तर किडनी बिघडते, हाडं झिजतात असं काही होत नाही. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर मात्र छातीत धडधडतं, झोप उडते, हात थरथरतात आणि पुढे हाडंही विरळ होतात. म्हणून वजन उतरावं यासाठी कोणी 'थोडी वाढवून घे' असं सुचवलं तर ऐकू नकोस. काहींचा थायरॉइड तात्पुरता मंदावतो, बाळंतपणानंतर विशेषतः, आणि त्यांची गोळी डॉक्टर पुढे थांबवूनही बघतात. तुझा ३८ आणि सोडल्यावर पुन्हा २९ बघता तू त्यांतली दिसत नाहीस. हे तुला आज स्पष्ट सांगितलेलं बरं.

आता सकाळ. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तास, पोटात काही नाही. चहासुद्धा नाही. चहा-कॉफीने ती नीट शोषली जात नाही. आणि लोहाच्या गोळीबरोबर घेतलीस तर त्या दोन्ही आतड्यात एकमेकींना धरून बसतात, तुझ्या रक्तात फार थोडं पोचतं. आई मायेनेच सगळं एकदम हातात देते, पण त्या एका मिनिटात तुझ्या ७५चे किती उरतात कोणास ठाऊक. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तास लांब हवं. लोहाची गोळी डब्याबरोबर ऑफिसला ने, दुपारी जेवणानंतर घे, आणि तिच्यावरही लगेच चहा नको.

मुंबईची सकाळ खरं तर या गोळीला सोयीची असते. तू सहाला उठतेस. डोळे उघडल्या उघडल्या, अंथरुणातच गोळी. मग दात घासणं, आंघोळ, डबा भरणं, केस, पावणेसात वाजतातच. मग निवांत चहा घे. यासाठी गोळी तुझ्या उशाशी हवी, शेजारी झाकण लावलेली पाण्याची बाटली. बाथरूममध्ये ठेवू नकोस, तिथली वाफ तिला चालत नाही. गॅसजवळच्या किंवा ऊन येणाऱ्या फळीवरही नको. पावसाळ्यात आपल्या हवेत पापड एका रात्रीत मऊ पडतात, मग ही तर गोळी. मूळ बाटलीतच राहू दे, ओल्या हाताने काढू नकोस, झाकण घट्ट लाव. सकाळ अजिबातच जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घेता येते, पण जेवणानंतर तीन तास जायला हवेत आणि वर हळदीचं दूध नको. तू साडेनऊला जेवत असशील तर मला ते कठीण दिसतं. आणि केमिस्टने दुसऱ्या कंपनीची दिली तर घेऊ नकोस. एकाच कंपनीची चालू ठेव, बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घे.

उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या औषधाने एकादशी मोडते असं मला कोणी सांगितलेलं नाही.

कोबी आणि फ्लॉवरला घरात परत घे. शिजवलेल्या भाजीने तुझ्या थायरॉइडला काही होत नाही. कच्च्या कोबीचे रस कोणी लोटाभर पीत असेल तर गोष्ट वेगळी. सोयाचे पदार्थ खाल्लेस तरी चालेल, फक्त गोळीच्या जवळ नकोत. पोळीबद्दल मात्र मला काळजी वाटली. तुझी पाळी जड, त्यात तू खाणं कमी करत चालली आहेस. ग्लूटेन सोडायचं ते सीलिअॅक नावाचा, ग्लूटेनने आतडं बिघडण्याचा आजार असेल तर. हाशिमोटो असलेल्यांमध्ये तो इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो हे खरं, म्हणून सतत जुलाब, पोटफुगी, काही केल्या न वाढणारं हिमोग्लोबिन असं असेल तर रक्ताची तपासणी करून घे. पण ती तपासणी पोळी खात असतानाच करायची असते. आधीच सोडलीस तर रक्तातली खूण पुसट होते. तसं काही नसेल तर पोळी खा, भाकरी खा, पोटभर जेव. व्हिडिओतल्या बाई 'मुळापासून' म्हणतात ते मूळ म्हणजे तुझी रोगप्रतिकारक यंत्रणा. ती पोळी सोडून समजूत काढण्यासारखी नाही. त्या काही पावडरही विकत असतील. तिच्यात समुद्री शेवाळ असेल तर हात लावू नकोस, त्यात आयोडीन फार असतं आणि जास्तीच्या आयोडीनने हाशिमोटो चिघळतो. अश्वगंधाही थायरॉइडच्या पातळ्या हलवते, घेत असशील तर डॉक्टरांना सांग.

आयोडीनचा घोळ आपल्याकडे जुना आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५०च्या दशकात गलगंडावर मोठा अभ्यास झाला, मिठात आयोडीन घातल्याने तिथला गलगंड कमी झाला, आणि त्यातूनच १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. तेव्हापासून थायरॉइड म्हटलं की लोकांना आयोडीनच आठवतं. तुझं दुखणं आयोडीन कमी पडल्याचं नाही. घरातलं नेहमीचं आयोडीनवालं मीठ खा, ना जास्त ना कमी. सैंधव उपासापुरतं ठेव.

केस. माझे परत यायला आठ महिने लागले. टीएसएच जागेवर आला म्हणून केस दुसऱ्या दिवसापासून थांबत नाहीत, त्यांचा स्वतःचा वेग असतो. या काळात कोणीतरी बायोटिनच्या गोळ्या देईलच. घेतल्यास तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद कर आणि लॅबमध्ये सांग. बायोटिनमुळे काही यंत्रांवर आकडे उलटे दिसतात, थायरॉइड मंद असताना धावतोय असं, आणि तेवढ्यावरून गोळी कमी केली जाऊ शकते. वजनाबाबतही खरं सांगते. थायरॉइडमुळे जे वाढतं त्यात पाणी आणि मीठ बरंच असतं, ते सहसा काही किलोंचं असतं आणि गोळी लागू पडली की थोडं उतरतं. सगळे सहा किलो गोळीने जातील ही आशा ठेवू नकोस. उरलेलं चालण्याने आणि जेवणातल्या डाळी-उसळींनी, हळूहळू. सहा महिने तरी आरशातल्या चेहऱ्यावर चिडू नकोस, ती सूज आहे.

टीएसएच दोनदा बरोबर येऊनही थकवा राहिला तर तो हाशिमोटोच्या खात्यावर टाकून गप्प बसायचं नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व बघून घे. दहा दिवसांच्या पाळीने तुझा लोहाचा साठा नक्कीच खाली गेला असणार. आणि मन. दोन ओळींत तू लिहिलंयस की रविवारी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाहीस (ते मी वरच्या पत्रात छापलं नाही). मंद थायरॉइडने मनही मलूल होतं, पण गोळी स्थिरावल्यावरही ते तसंच राहिलं तर त्यासाठी वेगळी मदत घे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री लाव, आणि आईला उठव.

खासगी एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरांची फी परवडत नाही म्हणून तपासण्या टाळते आहेस असं वाटलं. परळच्या केईएममध्ये आणि मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये या ग्रंथींचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग मोठी असते, अर्धी रजा टाकून सकाळी लवकर जा, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ने. केईएम तर तुझ्या ऑफिसपासून लांबही नाही. एकदा मात्रा जुळली की मग सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा टीएसएच पुरतो. गळ्याला गाठ जाणवली, गिळताना अडकायला लागलं किंवा छातीत धडधड सुरू झाली तर मात्र थांबू नकोस.

ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाला सांग, जो तुझं काम वाटून देतो त्याला. 'माझा थायरॉइडचा त्रास निघालाय, औषध जुळायला दोन-तीन महिने लागतील, तोवर सकाळचं काम मला जड जातं.' एवढंच. माफी मागण्याच्या सुरात नको.

आता लग्न आणि मुलं. मुलं होतील. उपचार न घेतलेला थायरॉइड गर्भ राहण्यात आणि टिकण्यात अडचण आणतो, तुझी पाळी बिघडली तीही त्यातूनच असणार. गोळीने ते सावरतं. मूल हवं असं ठरवाल तेव्हा आधी टीएसएच करून घ्यायचा, तो साधारण २.५च्या आत असावा असं डॉक्टर बघतात. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं, कारण गरोदरपणात या हार्मोनची गरज पाव ते निम्म्याने वाढते आणि पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईकडून येणाऱ्या हार्मोनवर चालते. त्या काळात गोळी बंद करायला कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही, मग ते घरातलं कितीही वडीलधारं माणूस असो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी रोज घेतली. दोघंही आता कॉलेजात आहेत.

मुलाकडच्यांना सांगायचं का, याचं उत्तर मी माझ्या चुकीतून देते. मी सांगितलं नव्हतं. आईने शपथ घातली होती. लग्नानंतर पहिले सात महिने माझी बाटली पर्समध्ये, पावडरच्या डबीमागे होती, आणि माझा टीएसएच त्या सात महिन्यांत पुन्हा चढला. आठवड्यातून चार-पाच गोळ्याच पोटात जायच्या. मग एके दिवशी सुट्टे पैसे शोधताना सासूबाईंना ती सापडली. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्याला टेकून ठेवलेली होती, शेजारी फुलपात्र पाण्याने भरून झाकलेलं. नवऱ्याला वाईट वाटलं ते आजाराचं नव्हे, सात महिने त्याच्यापासून लपवल्याचं. ते भरून यायला आजारापेक्षा जास्त दिवस लागले. म्हणून सांगते, पोह्यांच्या बशीबरोबर सगळ्या गोतावळ्यासमोर जाहीर करायची गरज नाही, पण मुलाशी दुसऱ्यांदा बोलशील तेव्हा सांग. 'मला थायरॉइड आहे, रोज एक गोळी घेते, पुढेही घेईन.' यावर जो मागे सरेल तो तुझ्या तापाच्या रात्री उशाशी बसला असता का, याचा विचार तूच कर.

आणि ताई, म्हणजे हिच्या आई, तुम्ही हे वाचताय म्हणून थोडं तुमच्याशी. तुमची भीती मी माझ्या आईच्या डोळ्यांत बघितली आहे. मुलीत खोट काढतील, पत्रिका परत पाठवतील. पण २०१३ साली आठ शहरांतल्या पाहणीचे आकडे छापून आले, त्यात आपली मुंबईही होती. तपासलेल्या दर दहा मोठ्या माणसांत साधारण एकाचा थायरॉइड मंद होता. ज्या घरापासून तुम्ही ही बाटली लपवताय त्या घरातही कोणाच्या तरी पैठणीखाली तशीच एक असू शकेल. तुम्ही मुलीला वाढवलंत, या दुखण्यासाठी तिला पहिल्यांदा तुम्हीच डॉक्टरकडे नेलंत असं ती लिहिते. आता एवढंच करा, सकाळी तिच्या हातात आधी पाणी द्या, चहा पाऊण तासाने.

मुली, आज रविवार आहे. बाबा उठलेले असतील, खोलीत उजेड असेल. कपाट उघड, बाटली काढ आणि उशाशी ठेव. आजपासून आठ आठवडे मोज, मग टीएसएच कर आणि मला आकडा कळव. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी बाटली कुठे होती, तेही लिही.